सेतोच्या नावाने

झावेनने अकॉर्डियन गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं, त्याच्या पोटावरून पट्टा ओढून लावला आणि पुढचं दार उघडून तो उभा राहिला. पेर्चुही फुटपाथवरच थांबली होती. अंगात गडद निळा कोट होता, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली होती, आणि पायांत मात्र घरातल्या सपाता होत्या.

"बूट घालून ये," झावेन म्हणाला.

"मी येत नाहीये म्हणून तर घातले नाहीत."

"मग कोट कशाला घातलास?"

वरच्या मजल्यावरची शेजारीण गॅलरीत येऊन एकच चादर पुन्हापुन्हा झटकत होती. झावेनने आवाज खाली आणला.

"लोक वाट बघत असतील. मी फोनवर शब्द देऊन बसलोय."

"काय सांगितलंस त्यांना?"

"की सेतोची गाणी टेप करणारा माणूस मीच, आणि सेतोला अगदी जवळून ओळखणारी एक बाई मी सोबत आणतोय."

"जवळून!"

"मग? खोटं आहे का त्यात काही?"

पेर्चुहीने वर शेजारणीकडे बघितलं, मग झावेनकडे. ती जिना चढून वर गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या पायांत बूट होते.

सेतो नावाचा गायक कधी नव्हताच. सेतो म्हणजे पेर्चुही. जगात हे फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोघं आता एका जुन्या जिगुली गाडीत बसून वानाजोर शहराच्या बाहेर पडत होती.

तिचा आवाज लहानपणापासूनच जाड. संगीतशाळेतल्या बाईंनी तिला समूहगानात मुलांच्या रांगेत उभं केलं होतं आणि वर दबक्या आवाजात गायला सांगितलं होतं. घरचा फोन तिने उचलला की पलीकडून विचारणा व्हायची, "काका, जरा पेर्चुहीला बोलावता का?" विशीत ती स्टेशनजवळच्या रेस्तराँत गाऊ लागली. तिथे झावेन अकॉर्डियन वाजवायचा. तिने हिरवा झगा घालायचा आणि वरून, सरकारकडून मंजूर होऊन आलेली, कापणीची आणि मैत्रीची गाणी म्हणायची. समोरची माणसं जेवत असायची. तरी त्या वर्षांत ती सुखात होती.

लग्न ठरलं तेव्हा गुर्गेनने एकच अट घातली. रेस्तराँ सोडायचं. "माझ्या बायकोकडे बघत बघत कुणी मटण चावलेलं मला खपणार नाही," तो म्हणाला. गुर्गेन वाईट माणूस नव्हता. कारखान्यातून थेट घरी यायचा, तिच्या आईला डॉक्टरकडे न्यायचा, दारू बेतानेच प्यायचा. पेर्चुहीने हिरवा झगा उसवून त्याच्या उशांचे अभ्रे शिवले.

मग तिचा धाकटा भाऊ आरामाइस तुरुंगात गेला. एका लग्नात भांडण झालं, सुरी निघाली, आणि त्याला पार उरलपर्यंत धाडलं. आई त्याच्यासाठी पार्सलं बांधायची. लवाशच्या पातळ भाकऱ्या वाळवून त्यांची चळत करायची, ती फडक्यात गुंडाळायची, वर मिठाचं चीज, मोजे, तंबाखू. गाठ मारताना पेर्चुही दोऱ्यावर बोट धरून ठेवायची. अशाच एका गाठीच्या वेळी तिच्या डोक्यात दोन ओळी आल्या, आणि पार्सल टपालात पडेपर्यंत त्यांचं गाणं झालं.

असली गाणी तेव्हा रेडिओवर लागत नसत. तुरुंग, लांबचा रस्ता, दाराशी बसलेली आई, परत न आलेला मुलगा. लोक त्यांना शान्सों म्हणायचे. ती गाणारे सगळे बाप्ये, भरदार गळ्याचे, आत जाऊन आलेले किंवा तसे दिसणारे. बाईने शान्सों गाणं म्हणजे बाईने मिशा ठेवण्यासारखं होतं.

झावेनकडे टेपरेकॉर्डर होता. जुलैच्या उकाड्यात त्याने खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. गुर्गेनची दुपारपाळी असली की पेर्चुही दळण आणायला म्हणून बाहेर पडायची आणि त्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत उभी राहून घामाने निथळत गायची. पहिली कॅसेट भरली तेव्हा झावेनने पेन काढलं.

"नाव काय लिहू?"

"माझं लिहिलंस तर गुर्गेन तुझे हात मोडेल."

खाली अंगणात कुणाची तरी आई ओरडत होती, "सेतो, ए सेतो, जेवायला ये मेल्या!" झावेनने तेच नाव लिहून टाकलं.

अशा तीन कॅसेट झाल्या. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत ट्रकवाल्यांनी त्या तिबिलिसीला नेल्या, रोस्तोव्हला नेल्या, कुठल्या कुठे नेल्या. वर्षभरात वानाजोरच्या बाजारात सेतोबद्दल लोक छातीठोक सांगायला लागले. सेतोने पोलिसाला भोसकलं होतं. सेतोच्या गालावर वण होता. सेतोला सायबेरियात ठेवलंय, आणि तिथल्या कोठडीतच कुणीतरी चोरून त्याची गाणी टेप करतंय. म्हणून तर मागे अशी खरखर येते.

आणि गुर्गेन सेतोचा भक्त झाला. गाडीत सेतो, दाढी करताना सेतो. "ऐकलंस?" तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचा. "याला म्हणतात मर्दाचा आवाज." पेर्चुही कोबीच्या पानांत खिमा भरत मान हलवायची. त्याला कधीच कसा संशय आला नाही याचं झावेनला नवल वाटे. पेर्चुहीला वाटत नसे. बायको बोलताना तिच्या आवाजाकडे कान देणारा नवरा तिने अजून पाहिला नव्हता.

नंतर झावेन कामासाठी क्रास्नोदारला निघून गेला आणि कॅसेट बंद झाल्या. नव्या कॅसेट येत नाहीत म्हटल्यावर सेतो मेल्याची बातमी आपोआपच उठली. गुर्गेन एका संध्याकाळी सुजलेल्या डोळ्यांनी घरी आला आणि कोट न काढताच खुर्चीत बसला.

"सेतो गेला. आतच मारलं म्हणे."

पेर्चुही तेव्हा कॉफी उकळत होती. ती वळली. सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलंही.

"माझ्या मनातलं त्या माणसाला बरोब्बर कळायचं," गुर्गेन म्हणाला. "आणि मी एकदासुद्धा भेटलो नाही गं त्याला."

तिने कपात साखर घातली, ढवळली, आणि कप त्याच्यापुढे ठेवला.

गुर्गेनला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. झावेन या वसंतात कायमचा परत आला, आणि पेट्रोल भरताना त्याला एका ड्रायव्हरकडून कळलं, की दर ऑक्टोबरात जुने ट्रकवाले सेवान सरोवराच्या काठी जमतात, जेवतात आणि सेतोची आठवण काढतात.

शुशानिकची खानावळ पाण्यापासून हाकेच्या अंतरावर होती. ट्रक ओळीने उभे होते. पॉपलरच्या झाडांखाली तीन टेबलं जोडून एक लांब टेबल केलेलं होतं, आणि वाऱ्याने कापड उडू नये म्हणून कडेकडेने दगड ठेवले होते. सळयांवर मासे भाजत होते. भिंतीला टेकवून एक मोठं रंगीत चित्र ठेवलेलं होतं. चपटी टोपी, जाड मिशा, गालावर वण, ओठांत सिगारेट. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, सेतो.

पेर्चुही चित्रापुढे थांबली. माणूस देखणा होता.

"तुझ्यावर गेलाय," झावेन पुटपुटला.

"गप बस."

टेबलाच्या टोकाला बसलेला एक आडव्या बांध्याचा म्हातारा उठून पुढे आला. त्याच्या हातांवर जुन्या ग्रीसचे डाग कातडीतच मुरले होते. हा वाघिनाक. हे जेवण दर वर्षी तोच जमवायचा. त्याने झावेनला मिठी मारली. मग पेर्चुहीसमोर येऊन टोपी काढली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही आलात. आम्हाला माहीतच नव्हतं सेतोला बायको होती."

पेर्चुहीने झावेनकडे पाहिलं. झावेनने टेबलावरचा एक मुळा उचलून तोंडात घातला आणि चावत राहिला.

तिला टेबलाच्या वरच्या अंगाला बसवलं. सगळ्यात मोठा मासा तिच्या ताटात आला. शुशानिकने तिच्या खुर्चीवर उशी आणून ठेवली, "विधवा बाई, थंडीची बसलीये," असं म्हणत. मग प्रश्न सुरू झाले. इतकी वर्षं साठलेले प्रश्न होते ते.

"वहिनी, खरं सांगा, प्यायचा किती?"

"नाही हो. चहा. साखर मात्र भरपूर लागायची."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भडक डोक्याचा असेल ना? म्हणजे, पोलिसाला मारलं म्हणतात."

"पोलिसाला? कोंबडी कापायची म्हटली तरी शेजाऱ्याला बोलवावं लागायचं."

पलीकडच्या बाजूला एक वाळका, करड्या दाढीचा माणूस बसला होता. ल्योवा त्याचं नाव. त्याने हातातला काटा खाली ठेवला.

"आणि तुरुंगात कसे दिवस काढले, काही सांगायचा?"

"तुरुंगात गेलाच नाही तो," पेर्चुही म्हणाली.

"काय बोलता वहिनी! त्याच्या शेजारच्या फळीवर झोपलेला माणूस मला भेटलाय. सेतो झोपेत कसा कण्हायचा तेसुद्धा सांगितलंय त्याने."

"ल्योवा," वाघिनाक म्हणाला, "बाईंना जेवू दे."

मग वाघिनाक पेला घेऊन उभा राहिला. त्याला पुढे ट्रक चालवायचा होता, म्हणून त्याच्या पेल्यात ताक होतं. बाकीच्यांच्या पेल्यांत शुशानिकच्या घरची तुतीची दारू. तो बोलायला लागला तसा गलका थांबला.

"वीज नव्हती, गॅस नव्हता, त्या हिवाळ्यात मी जॉर्जियामार्गे पीठ आणायचो. कझबेगीपाशी घाटात बर्फात अडकलो. मागे ट्रक नाही, पुढे ट्रक नाही. झोप लागली तर उठणार नाही हे ठाऊक होतं. मी कॅसेट लावली. बाजू संपली की उलटी करायची. सेतो म्हणाला, आई, भाकर बांधू नकोस. मी त्याच्याशी भांडायला लागलो. म्हटलं, बांधू दे की, तुझं काय जातंय, इथे मला भाकर मिळाली असती तर! सकाळपर्यंत भांडलो. मग यंत्र आलं बर्फ काढायला." त्याने पेला उंच केला. "माझी पोरं, त्यांची पोरं, हे सगळं त्या भांडणामुळे. सेतोच्या नावाने."

सगळे उठले. गेलेल्या माणसाच्या नावाने पिताना पेल्याला पेला लावत नाहीत. सगळ्यांनी आपापला पेला छातीशी धरला, मान खाली घातली, आणि मुकाट्याने प्याले. पेर्चुहीही उठली होती. तीही स्वतःच्या नावाने प्याली. तुतीची दारू घशातून खाली जाळत गेली.

वाघिनाक बसला आणि त्याने बाहीने डोळे पुसले. अगदी तसाच, कोट न काढता खुर्चीत बसलेला गुर्गेन पेर्चुहीला दिसला. तिने पेला खाली ठेवला. समोर साखर नव्हती, ढवळायला कप नव्हता.

"झावेन," ती म्हणाली. "काढ ते."

झावेनचं चावणं थांबलं. तो गाडीकडे गेला, पट्टा सोडला आणि अकॉर्डियन घेऊन आला. खुर्ची थोडी मागे सरकवून त्याने भाता उघडला. बोटं आखडलेली होती. पहिले सूर घसरले. लोक कौतुकाने हसले, कुणीतरी "शाब्बास" म्हणालं. त्यांना वाटलं म्हातारा नुसतं वाजवणार.

पेर्चुही बसूनच गायला लागली. सुरुवातीला आवाज फाटला. इतक्या वर्षांत इतक्या माणसांसमोर ती गायली नव्हती, आणि उघड्यावर, वाऱ्यात तर कधीच नाही. तिने डोळे मिटले, एक श्वास सोडून दिला आणि दुसरा घेतला.

*आई, रस्ता लांब आहे, भाकर बांधू नकोस,*
*माझ्यापर्यंत येईतो तीही म्हातारी होईल.*

आवाज खाली उतरला आणि तिथे जाऊन ठरला. पूर्वीपेक्षाही खाली. वर तो आता चढत नव्हता, पण या गाण्याला वर चढायचं नव्हतंच. शुशानिक परात घेऊन येत होती, ती तशीच उभी राहिली. एकाने सिगारेट ओठांकडे नेली होती. ती बोटांतच जळत राहिली. तिसऱ्या कडव्याला पेर्चुहीला एक शब्द आठवेना. टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी तो हळूच सांगितला, आणि ती पुढे गेली.

गाणं संपलं तेव्हा शुशानिकने परात टेबलावर ठेवली.

"हे असं होतं बघा," एक ड्रायव्हर म्हणाला. "नवराबायको इतकी वर्षं एकत्र राहिली की आवाजसुद्धा सारखा होतो."

झावेनने भाता मिटला.

"नवरा नव्हता," तो म्हणाला. "गोधड्या मी टांगल्या होत्या. खोलीत मी होतो आणि ही होती. तिसरं कुणी नव्हतं."

ल्योवा इतक्या जोरात उठला की खुर्ची मागे पडली.

"चेष्टा आहे का? मी पाच वर्षं आत होतो. माझ्यासाठी कुणी भाकर बांधत नव्हतं. सेतो होता तिथे. तो आमच्यातला होता. आणि आता तुम्ही सांगता, की एक बाई घरी बसून, स्वयंपाक करता करता..."

"स्वयंपाक करता करताच," पेर्चुही म्हणाली. "माझा भाऊ आत होता. पार्सल आई बांधायची. मी दोऱ्यावर बोट धरायचे."

ल्योवाने टेबलावर दोन्ही हात टेकले.

"कुठे होता?"

"उरलमध्ये, पेर्मकडे."

"जंगलतोडीवर?"

"हो."

"परत आला?"

"आला. खोकत आला. आई म्हणाली, भाकर मिळायची का रे? म्हणाला, मिळायची, पण तोवर तिला दात नव्हते आणि मलाही."

ल्योवाच्या तोंडून एक आवाज निघाला, त्यात थोडं हसू होतं. त्याने पडलेली खुर्ची उचलली. लगेच बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"पार्सलातली भाकर तशीच लागते," तो म्हणाला. "चहात बुडवून खायची." आणि मग बसला.

इतका वेळ वाघिनाक पेर्चुहीच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या गळ्याकडे बघत होता, इंजिनाचा आवाज ऐकताना माणूस बॉनेटकडे बघतो तसा. आता त्याने ताकाचा जग ओढून आपला पेला भरला. तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आला आणि तिचा पेला भरून तिच्या हातात दिला.

"सेतोच्या नावाने," तो म्हणाला, आणि आपला पेला त्याने तिच्या पेल्याच्या काठाला लावला.

तो बारीकसा टण् आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला असावा. एकेक जण उठायला लागला. काही जण उठले नाहीत; दोघे जण तर तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले. पण जे उठले त्यांनी रांगच लावली, आणि पेर्चुहीला प्रत्येकाच्या पेल्याला पेला लावावा लागला. "आता हात दुखायला लागला," ती म्हणाली, तेव्हा कुठे लोक मोकळे हसले. शुशानिकने येऊन तिच्या खुर्चीवरची उशी जरा थोपटली. "विधवा म्हणाले मी तुम्हाला," ती म्हणाली. "विधवा आहेच की मी," पेर्चुही म्हणाली. "दुसऱ्याची."

परतायच्या वेळेपर्यंत झावेनने प्रत्येकाबरोबर एकेक पेला घेतला होता. शुशानिकने त्याच्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली, त्याला आतल्या खोलीत कोचावर आडवं केलं आणि अकॉर्डियन त्याच्या पायाशी ठेवलं. वाघिनाकचा ट्रक रिकामा होता आणि वानाजोरवरूनच पुढे जायचा होता. त्याने पायरीखाली लाकडी खोकं ठेवलं, तेव्हा पेर्चुहीला वर चढता आलं.

उन्हं कलायला अजून वेळ होता. डाव्या हाताला डोंगर आणि उजवीकडे पाणी. मासे विकणारे रस्त्याच्या कडेला दोन्ही हात फाकवून उभे होते, मासा केवढा मोठा आहे ते दाखवत.

"तुम्हाला हाक काय मारू, हेच कळेनासं झालंय," वाघिनाक म्हणाला. "वहिनी म्हणवत नाही आता."

"पेर्चुही."

"ते जमायचं नाही मला." त्याने थोडा विचार केला. "उस्ताद म्हणतो."

पेर्चुहीने खिडकीबाहेर बघितलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"उस्ताद, झावेन गेल्यावर तुम्ही गाणी केलीच नाहीत?"

"केली की. भांडी घासताना."

"म्हणजे कुणी ऐकली नाहीत."

"गुर्गेनने ऐकली असतील. त्याला वाटायचं मी पुटपुटतेय. टीव्ही मोठा करायचा."

वाघिनाकने दोन वळणं नीट घेतली, एका मेंढपाळाच्या कळपाला जाऊ दिलं आणि हळूच रेडिओ बंद केला. म्हणा, असं तो म्हणाला नाही.

पेर्चुहीने कोटाचं वरचं बटण काढलं. एक गाणं तिने गुर्गेनच्या शेवटच्या आजारपणात केलं होतं. त्यात तुरुंग नव्हता, रस्ता नव्हता. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं गाणं होतं ते. ती अगदी हलक्या आवाजात सुरू झाली, मग इंजिनाच्या वर ऐकू जावं म्हणून थोडी मोठ्याने, आणि पहिलं कडवं संपेपर्यंत पूर्ण गळ्याने.

समोर बोगद्याचं तोंड दिसायला लागलं होतं. दोन ट्रक दिवे लावून आत शिरत होते. वाघिनाकने वेग कमी केला आणि चाक डावीकडे, डोंगरावरून जाणाऱ्या रस्त्याकडे फिरवलं. बोगदा झाल्यापासून त्या जुन्या घाटाने कुणी ट्रकवाला जात नसे.

पेर्चुही थांबली.

"हा लांबचा रस्ता आहे."

"हो," वाघिनाक म्हणाला आणि त्याने गिअर खाली टाकला. "दुसरं कडवं आहे ना?"

तिने खिडकीची काच वर केली आणि दुसरं कडवं घेतलं.